‘कुणाचं काही राहायला नको’: नैराश्य ओळखण्यापासून जीव वाचवण्यापर्यंत

फोन आला तेव्हा मी कपाट आवरत होते. पलीकडे माझा मामेभाऊ. "ताई, तुझी ती निळी बॅग माझ्याकडे राहिलीय. उद्या आणून देऊ का?" बॅग त्याने चार वर्षांपूर्वी नेली होती, मी ती विसरूनही गेले होते. म्हटलं, "राहू दे रे, कसली घाई?" तर म्हणाला, "नाही, देऊन टाकतो. कुणाचं काही राहायला नको." मला त्याच्या नीटनेटकेपणाचं कौतुक वाटलं. आधीचे दोन महिने तो कुणाशी धड बोलत नव्हता आणि त्या दिवशी आवाज अगदी शांत होता, म्हणून बरंही वाटलं. तीन दिवसांनी तो अतिदक्षता विभागात होता.

वाचला. आज त्याचं चांगलं चाललं आहे. हे लिहायला त्याची हरकत नाही, उलट बॅगेचा किस्सा घालच, असं त्यानेच सांगितलं.

पुढे मी प्रशिक्षण घेऊन काही वर्षं एका हेल्पलाइनवर फोन घेतले. तिथे शिकले त्यातलं निम्मं जरी मला तेव्हा ठाऊक असतं, तरी मी बॅगेवर बोलत बसले नसते. मी डॉक्टर नाही. निदान करणं आणि औषध देणं हे त्यांचं काम. पण माणूस डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधी आणि तिथून परतल्यावर ज्यांच्यात वावरतो, त्या आपण काय करायचं ते इथे लिहिते आहे.

आत्ता या घडीला धोका असेल तर

बाकीचा लेख नंतर वाचा. त्या व्यक्तीला एकटं सोडू नका, बाथरूमला गेली तरी दाराबाहेर थांबा. जिवाला अपाय करता येईल अशा वस्तू तिच्या आवाक्यातून हलवा. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात घेऊन जा. मानसोपचार विभाग बंद असला तरी तातडीचा विभाग चालू असतो. काही घेतल्याची नुसती शंका असली तरी ‘बघू थोडा वेळ’ असं करू नका. काही विषांची लक्षणं उशिरा दिसतात आणि तोवर आत नुकसान झालेलं असतं.

भारतात टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतही चालते. तातडीच्या मदतीसाठी ११२. अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ‘समॅरिटन्स’चा ११६ १२३. पोलिसांच्या भीतीने हॉस्पिटल टाळणारी घरं मी पाहिली आहेत. भारतात २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ने हे चित्र बदललं: आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही, असं ते कलम सांगतं.

पहिली पायरी: उदासी आणि आजार यांतला फरक

वाईट वाटणं हा आजार नव्हे. माणूस गेला, नोकरी सुटली, नातं तुटलं तर मन खचणारच. पण साध्या उदासीत मन अधूनमधून डोकं वर काढतं. जुना मित्र भेटला की हसू येतं, चांगली बातमी आली की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं. नैराश्याच्या आजारात नेमकं हेच थांबतं. आवडीची गोष्ट समोर असते, ती आवडायची हे आठवतही असतं, पण आत काही हलत नाही.

मामेभाऊ सांगतो की त्या दिवसांत दात घासणं हे त्याचं दिवसातलं सर्वांत मोठं काम असायचं. उठायचं, ब्रश घ्यायचा, पेस्ट लावायची, नळ सोडायचा. दर टप्प्याला थांबून स्वतःला पुढे ढकलायचं. एकदा पेस्ट लावलेला ब्रश हातात धरून तो बेसिनपाशी वीस मिनिटं नुसता उभा होता. घरचे म्हणत होते, आळशी झालाय.

डॉक्टर निदान करताना साधारण नऊ गोष्टी पाहतात: सतत खिन्न किंवा रिकामं वाटणं, कशातच रस न उरणं, भूक वा वजन बदलणं, झोप उडणं किंवा फार झोप येणं, हालचाली मंदावणं किंवा एका जागी बसवेनासं होणं, थकवा, आपण कुचकामी आहोत किंवा आपलंच सगळं चुकलं असं वाटत राहणं, लक्ष न लागणं आणि निर्णय न घेता येणं, मरणाचे विचार. यांतल्या किमान पाच गोष्टी, त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक तरी, दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, अशा किमान दोन आठवडे टिकल्या आणि त्यांनी रोजचं जगणं अडलं, की तो आजार धरला जातो. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं आणि सकाळची वेळ सर्वांत जड जाणं, हेही बऱ्याच जणांकडून ऐकलं.

पण माणसं या भाषेत बोलत नाहीत. ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणून फोन करणारे थोडे. बाकीचे म्हणतात, ‘कशातच मन लागत नाही’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोकं जड असतं सारखं’. काही जण पाठदुखी आणि पोटाच्या तक्रारी घेऊन महिनोन् महिने तपासण्या करत फिरतात. पुरुषांमध्ये हा आजार बऱ्याचदा चिडचिडीच्या नाहीतर दारूच्या आड लपतो. किशोरवयात तो उद्धटपणासारखा दिसतो. म्हातारपणी विसरभोळेपणासारखा, आणि घरचे वयावर ढकलून मोकळे होतात. बाळंतपणानंतर तर ‘आता आनंदात राहायला हवं’ या अपेक्षेखाली बाईला तोंडच उघडता येत नाही.

स्वतःचा अंदाज घ्यायला ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली बरी. २००१ साली ती प्रसिद्ध झाली, आणि आता जगभर दवाखान्यांतून वापरली जाते. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज दहा किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवाच. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं तर एकूण बेरीज कितीही लहान असो, त्यावर बोलायला हवं. ही निदानाची चाचणी नव्हे, ताप बघायला कपाळावर हात ठेवावा तसं आहे.

कारणं शोधत बसण्यात घरच्यांचा फार वेळ जातो. ‘पण त्याला कमी काय आहे?’ हा प्रश्न तर ठरलेला. आनुवंशिकता, लहानपणी सोसलेलं, दीर्घ आजार, दारू, एकटेपणा, एखादा मोठा धक्का, यांतलं काहीही कमीजास्त प्रमाणात असू शकतं आणि कधी ठळक असं काहीच सापडत नाही. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता, स्टेरॉइडसारखी काही औषधं यांनीही नैराश्यासारखी लक्षणं दिसतात, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. ते टाळू नका. ‘मेंदूत एक रसायन कमी पडतं’ हे स्पष्टीकरण ऐकायला सोपं आहे, पण प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे.

दुसरी पायरी: मरावंसं वाटतं म्हणजे काय वाटतं

जगात दरवर्षी सात लाखांहून अधिक माणसं आत्महत्येने जातात. त्यांतल्या प्रत्येकाला नैराश्य असतंच असं नाही, आणि नैराश्य असलेल्या बहुतेकांच्या हातून असं काही घडत नाही. तरी दोहोंचा संबंध इतका जवळचा आहे की एकाबद्दल बोलताना दुसऱ्याबद्दल गप्प बसणं बरोबर नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नायडमन यांनी आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. त्यांचं म्हणणं असं की मुळाशी असते ती असह्य मानसिक वेदना. माणसाला ती वेदना थांबवायची असते आणि मरण हा त्याला दिसणारा एकमेव मार्ग असतो. दिसणारा, कारण त्या अवस्थेत नजर बोगद्यात शिरल्यासारखी आक्रसते. एरवी सुचले असते ते दहा उपाय सुचतच नाहीत. हेल्पलाइनवर आम्हाला हे रोज ऐकू यायचं. ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘मी नसलो तर ते सुटतील’ अशी वाक्यं तर इतक्यांदा यायची की माणसं बदलली तरी वाक्य तेच आहे असं वाटे. बोलणाऱ्याला हा स्वार्थ वाटत नसतो, त्याच्या लेखी तो घरच्यांवरचा उपकार असतो. म्हणून ‘घरच्यांचा तरी विचार कर’ हे वाक्य उलटं लागतं. घरच्यांचा विचार करूनच तो तिथे पोचलेला असतो.

दुसरं, मरायचं आणि जगायचं ही ओढाताण बहुतेकांच्या मनात शेवटपर्यंत चालू असते. बोगदाही कायमचा नसतो. प्रयत्नातून वाचलेल्या रुग्णांशी बोलून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या वेळचा पहिला विचार मनात आल्यापासून प्रत्यक्ष प्रयत्नापर्यंत किती वेळ गेला, असं विचारल्यावर जवळजवळ निम्म्या लोकांनी दहा मिनिटं किंवा त्याहून कमी, असं सांगितलं. आणि ‘आज अडवलं तरी उद्या करेलच’ या समजाचं काय? रिचर्ड साइडन या संशोधकाने एका प्रसिद्ध पुलावरून (नाव मुद्दाम देत नाही) उडी मारताना अडवल्या गेलेल्या ५१५ जणांचा माग काढला. १९७८ साली त्यांनी निष्कर्ष मांडले: अडवल्याला कित्येक वर्षं लोटली होती, तरी त्यांतले सुमारे ९४ टक्के लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते.

पुढच्या सगळ्या पायऱ्या या आकड्यांवर उभ्या आहेत. आयुष्य सुंदर आहे हे त्या रात्री तुम्हाला कुणाला पटवून द्यायचं नाहीये. ती वेळ टळेल एवढं बघायचं आहे.

तिसरी पायरी: खुणा वाचणं

बोललेल्या खुणा: ‘कंटाळा आला या सगळ्याचा’, ‘झोपावं आणि उठूच नये’, ‘आता फार दिवस त्रास देणार नाही तुम्हाला’. ‘जो बोलतो तो करत नाही’ हा समज साफ खोटा आहे. पुष्कळ जण आधी कुणाला तरी, आडून का होईना, सांगतात.

वागण्यातल्या खुणा: वस्तू वाटून टाकणं, उधाऱ्या चुकवणं, कागदपत्रं लावून ठेवणं, जुन्या लोकांना अचानक फोन करून माफी मागणं, दारू वाढणं, झोप पार उडणं, गोळ्या साठवणं, इंटरनेटवर मरणाबद्दल शोधणं. आणि सर्वांत फसवी खूण: खूप दिवसांच्या घालमेलीनंतर आलेली अचानक शांतता. कधी ती खरोखर सुधारणा असते. कधी आतला झगडा एका निर्णयावर येऊन थांबलेला असतो. बाहेरून फरक कळत नाही, विचारल्याशिवाय कळत नाही.

पूर्वी प्रयत्न झालेला असेल तर तो सर्वांत मोठा धोक्याचा इशारा समजायचा. ‘लक्ष वेधायला केलं होतं’ असं म्हणून तो निकालात काढणाऱ्यांशी वाद न घालता मी एवढंच विचारते: मग दिलं का लक्ष?

चौथी पायरी: विचारणं

इथे सगळ्यांचे पाय अडखळतात. भीती एकच, आपण विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं घातलं तर? ही भीती तपासून झाली आहे. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात काहींना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारलं, काहींना नाही. विचारल्याने कुणाचा त्रास वा विचार वाढले नाहीत. आधीच नैराश्यात असलेल्या मुलांना तर उलट थोडं हलकं वाटल्याचं दिसलं. नंतरच्या अभ्यासांतूनही हेच पुढे आलं.

विचारायचं एकांतात, हातात भरपूर वेळ असताना. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसून किंवा चालता चालता बरं पडतं, डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती राहत नाही. आधी जे दिसलं ते सांगायचं, मग थेट प्रश्न. शब्दही थेट हवेत. ‘तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे, समोरच्याला ‘नाही’ म्हणण्यावाचून वाट उरत नाही.

तो बॅगेचा फोन मला आज आला असता तर बोलणं असं गेलं असतं:

"देऊन टाकतो. कुणाचं काही राहायला नको."

"थांब जरा. ‘काही राहायला नको’ म्हणजे रे? दोन महिने तू कुणाशी बोलत नाहीस, आणि आज चार वर्षांपूर्वीची बॅग. मला काळजी वाटतेय. मरावंसं वाटतंय का तुला? जिवाचं काही करायचं मनात आहे?"

(शांतता. ही शांतता भरून काढायची नाही. मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे.)

"…कंटाळा आलाय गं ताई."

"हं. किती दिवस झाले असं वाटतंय?"

"सांगून काय होणार?"

"होईल काय ते मलाही माहीत नाही. पण मला ऐकायचंय. मी निघतेय, तू आहेस तिथेच थांब. फोन चालू ठेव, बोलत राहू."

यात काही खास नाही. उपदेश नाही, उपाय नाही, ‘असं बोलू नये’ नाही. उत्तर ऐकून दचकलात तरी आवाज खाली ठेवा. ‘तुझ्यापेक्षा कितीतरी वाईट परिस्थितीतले लोक जगतायत’, ‘मन खंबीर कर’, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी?’ ही वाक्यं बोलण्याचं दार आतून लावून घेतात. त्याऐवजी ‘बरं झालं सांगितलंस’ पुरतं. आणि एक वचन कधीही देऊ नका: कुणाला न सांगण्याचं. ‘चारचौघांत बोलणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मदत आणेन’ हे सुरुवातीलाच सांगून टाका. समोरचा रागावेल. रागावू द्या.

‘नाही, असलं काही नाही’ असं उत्तर आलं आणि तुमचं मन मानत नसेल तर? दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

पाचवी पायरी: ‘हो’ आलं तर

आणखी चार गोष्टी हळूहळू विचारायच्या. कसं करायचं हे ठरवलंय का? त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का? कधी, हे ठरलंय का? याआधी कधी प्रयत्न केला होता का? ‘झोपून उठूच नये असं वाटतं’ इथपासून ‘ठरलंय, सामान आहे, आज रात्री’ इथपर्यंत मोठं अंतर आहे, आणि उत्तरांतून तो माणूस त्यावर कुठे उभा आहे ते कळतं. पद्धत, साधन आणि वेळ तिन्ही ठरलं असेल तर एक क्षणही एकटं न सोडता हॉस्पिटल गाठायचं. विचार आहेत पण काही ठरलेलं नाही, तर एक-दोन दिवसांच्या आत मानसोपचारतज्ज्ञ, आणि तोवर सोबतीला कुणीतरी. दारू प्यायलेली असेल तर उत्तर काहीही असो, धोका वरच्या पायरीचा धरा. दारू ब्रेक काढून टाकते.

सहावी पायरी: साधन दूर करणं

घरच्या घरी करता येण्यासारखं सर्वांत परिणामकारक काम हेच, आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारंही हेच. ‘करायचं असेल तर कसंही करेल’ असं लोक म्हणतात. तो दहा मिनिटांचा आकडा आठवा. त्या दहा मिनिटांत हाताशी काय आहे यावर जगणं-मरणं ठरतं. श्रीलंकेने १९९५पासून टप्प्याटप्प्याने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली. पुढच्या वीसेक वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. लोकांची दुःखं काही त्या वेगाने कमी झाली नव्हती.

म्हणून: घरातल्या सगळ्या गोळ्या, आजीच्या बीपीच्या आणि झोपेच्यासुद्धा, एका कुलुपात, किल्ली दुसऱ्याकडे. जुनी उरलेली औषधं काढून टाका. नैराश्यावरची औषधं आठवड्यापुरतीच आणा, रोजचा डोस घरच्या कुणी हातात द्यावा. कीटकनाशकं, उंदराचं औषध, हत्यारं घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात. त्या व्यक्तीने स्वतः एखादी विशिष्ट गोष्ट बोलून दाखवली असेल तर सर्वांत आधी ती हलवा. चोरून करू नका. ‘काही दिवस हे माझ्याकडे राहू दे, तू बरा झालास की बघू’ असं सांगून करा. बहुतेक जण विरोध करत नाहीत. काहींना सुटल्यासारखं होतं.

सातवी पायरी: एक कागद

बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ‘सुरक्षा आराखडा’ नावाची साधी पद्धत बसवली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागातून घरी जाताना ज्यांच्याबरोबर असा आराखडा लिहिला आणि नंतर फोनवर विचारपूस ठेवली, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येच्या प्रयत्नांसारखं वागणं सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळलं. ‘मी काही करणार नाही’ अशी शपथ घेण्याने काही साधत नाही. वेळ आली की काय करायचं, हे लिहिलेलं असावं लागतं.

कागद त्या व्यक्तीने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत, बरं वाटत असताना लिहायचा. मामेभावाचा मी पाहिला आहे, वहीचं फाडलेलं पान. पहिली ओळ: ‘तीनला जाग आली आणि हिशेब सुरू झाले की समजायचं.’ ही त्याची धोक्याची खूण. ‘हिशेब’ म्हणजे आपल्यामुळे कुणाचं किती नुकसान झालं त्याची मनातली बेरीज. त्याखाली एकट्याने करायच्या गोष्टी: गार पाण्याने तोंड धुणे, दिवा लावणे, गच्चीवर न जाता खाली उतरून चालणे. मग कुठे जायचं, जिथे माणसं असतात पण बोलावं लागत नाही. मग ज्यांना उठवलं तरी चालेल अशी तीन नावं आणि नंबर (माझं दुसरं आहे, यावर आमचं भांडण झालं आहे). मग डॉक्टर, हेल्पलाइन, हॉस्पिटल. शेवटी घरातून काय काय हलवलं ते. एका खाली एक, याच क्रमाने. वरच्याने भागलं नाही की खालचं. फोटो काढून फोनमध्ये ठेवायचा.

आठवी पायरी: डॉक्टर आणि औषधं

‘तुला मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे’ हे वाक्य भांडणात वापरून वापरून खराब झालं आहे. ‘झोप लागत नाही ना, त्यासाठी दाखवू. मी अपॉइंटमेंट घेते, बरोबर येते’ असं म्हटलं तर माणूस येतो. मानसोपचारतज्ज्ञाला बिचकत असेल तर नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. आत गेल्यावर आत्महत्येच्या विचारांचं सांगायला विसरू नका. रुग्ण बऱ्याचदा झोप आणि भूक एवढ्यावरच थांबतो. पूर्वी कधी उलटं झालं होतं का, म्हणजे दिवसचे दिवस झोप न घेता प्रचंड उत्साह, अवाजवी खर्च, अखंड बडबड, तेही आवर्जून सांगा. तसं असेल तर आजार बायपोलर असू शकतो आणि त्याचं औषध वेगळं.

औषधांबद्दल घरोघर होणाऱ्या चुका दोन. पहिली, आठवड्याभरात ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणं. या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहा-आठ. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे आधी त्रास, मग गुण. हे आधीच सांगितलेलं नसेल तर कोण टिकेल? दुसरी चूक, बरं वाटताच परस्पर थांबवणं. बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने गोळ्या चालू ठेवायच्या असतात आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायच्या. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांचं दारूसारखं व्यसन लागत नाही, पण एकदम सोडली तर चक्कर आणि डोक्यात झिणझिण्या येऊ शकतात.

सुरुवातीच्या आठवड्यांत नजर ठेवा. कधी मन उजळायच्या आधी अंगात शक्ती येते, आणि हा काळ नाजूक. पंचवीसच्या आतल्या वयात औषध सुरू झाल्यावर क्वचित आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकी औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी तसा इशारा औषधांवर छापायला लावला. म्हणून औषध नाकारायचं नाही. पहिला महिना लवकर लवकर भेटी ठेवायच्या आणि बेचैनी वाढली तर लगेच कळवायचं.

बोलण्याचे उपचार, विशेषतः विचारांच्या सवयी तपासून बदलणारी सीबीटी, सौम्य आणि मध्यम नैराश्यात औषधांच्या तोडीस तोड ठरतात. तीव्र आजारात दोन्ही मिळून जास्त चांगलं. विजेच्या उपचाराला लोक चित्रपटांमुळे घाबरतात. आज तो भूल देऊन करतात आणि जिवावर बेतलेल्या नैराश्यात तो फार लवकर गुण देतो.

नववी पायरी: घरी परतल्यावर

हॉस्पिटलातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे, आणि नेमक्या त्याच वेळी सगळे हुश्श म्हणून आपापल्या कामाला लागतात. आमच्याकडेही तसंच झालं होतं. आठ दिवस घर माणसांनी भरलेलं, नवव्या दिवशी कुणी नाही.

१९७०च्या सुमारास सान फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाने एक प्रयोग केला. सुट्टी मिळाल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांपैकी निम्म्यांना तो आणि त्याचे सहकारी पाच वर्षं अधूनमधून दोन-चार ओळींचं पत्र पाठवत राहिले. तुमची आठवण आहे, वाटलं तर कळवा, एवढंच. कसली मागणी नाही, सल्ला नाही. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळालेल्यांमध्ये आत्महत्येचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा कमी राहिलं.

तेव्हा मेसेज पाठवा. ‘कसा आहेस?’ नको, त्याला उत्तर द्यावं लागतं. ‘आज तुझी आठवण आली. उत्तर नाही दिलंस तरी चालेल’ असा. मी दर गुरुवारी पाठवायचे. सात गुरुवार काही आलं नाही. आठव्याला अंगठा आला. कामं मोठी ठरवू नका. ‘ये, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ एवढंच. गप्प बसून राहिला तर तुम्हीही बसा.

आणि हे सगळं एकट्याने अंगावर घेऊ नका. तिघे-चौघे मिळून दिवस वाटून घ्या. तुमची झोप उडाली, धसका बसला, तर तुम्हीही कुणाकडे तरी बोला. सगळं करूनही माणूस हातातून जातो असंही होतं. अशा घरात ‘तुम्हाला कळलं कसं नाही?’ हा प्रश्न कुणी विचारू नये.

आणि हे वाचताना विचार तुमच्याच मनात असतील तर

आज रात्री काही ठरवू नका. सकाळपर्यंत ढकला, सकाळी पुन्हा दुपारपर्यंत. जे हाताशी आहे त्यापासून लांब जा, किंवा ते कुणाला तरी देऊन टाका. दारू नको. दुसऱ्या खोलीत कुणी असेल तर तिथे जाऊन बसा, बोललं नाही तरी चालेल.

मग एका माणसाला फोन लावा. तो नीट बोलला नाही तर दुसऱ्याला. पहिल्याला जमलं नाही म्हणजे कुणालाच जमणार नाही असं नसतं. हेल्पलाइनवरच्या माणसाला तुमचं नाव सांगावं लागत नाही. रडू आलं तर रडा, आम्ही थांबायचो. आणि शब्द सुचत नसतील तर हा लेख उघडा ठेवून पुढचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा: "मला मरायचे विचार येतायत आणि मला एकटं राहायची भीती वाटतेय. तू येशील का, नाहीतर फोनवर थांबशील का?"